लावर पलीकडे पोचला

सारापूल, १४ एप्रिल १९७८

लेरा,

तुझी तार चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी पोचली. महिन्याभरात दुसऱ्यांदा रजा तुला मिळणार नाही, हे मी धरूनच चालले होते. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या भावाचं सगळं रीतीप्रमाणे झालं. शेजारच्या क्लावदिया येगोरोव्नांनी गव्हाची मध घातलेली खीर केली, मी घावन केले. बंदरावरची चौदा माणसं आली. जेवली. ग्लेबसारखा इंजिनाचा जाणकार अख्ख्या कामा नदीवर नाही, असं म्हणाली. गेली. मग मी भांडी घासली.

मला अजून रडू आलेलं नाही. क्लावदिया येगोरोव्ना म्हणाल्या, "रड गं बाई एकदा, नाहीतर आतल्या आत गोठशील." मी म्हटलं, "रडू म्हणजे काय दुकानातली रांग आहे, उभं राहिलं की मिळायला?" त्या हसल्या नाहीत. बुटांच्या कारखान्यात मी दफनाच्या दुसऱ्याच दिवशी गेले. चामडं बेतायचं, कापायचं, पुढचा तुकडा घ्यायचा. हात चालतात. घरी आले की कोट काढते आणि तो कुठे अडकवायचा हे जरा वेळ आठवत नाही. बाकी ठीक आहे.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. रद्दी देऊन पुस्तक मिळतं ती योजना आता आमच्याकडेही आली. वीस किलो कागद दिला की एक कूपन, आणि त्या कूपनावर यादीतलं एक पुस्तक विकत घेता येतं. पुस्तकाच्या दुकानाबाहेर यादी लावली होती. तिसरं नाव तुमच्या लाडक्या कादंबरीचं. तुझ्या आणि ग्लेबच्या. दोन्ही भाग एकाच बांधणीत. मी तिथे उभी राहिले आणि ठरवलं की ही लेराला मिळालीच पाहिजे. दीड महिन्यात मी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट.

घरातली मासिकं, यंत्रांची जुनी माहितीपत्रकं, क्लावदिया येगोरोव्नांच्या नवऱ्याचे बुद्धिबळाचे अंक, सगळं बांधून हातगाडीवर नेलं. रद्दीच्या केंद्रावर अर्सेनी कुझमिच म्हणून एक गृहस्थ आहेत. काट्याकडे बघून म्हणाले, "एकोणीस किलो दोनशे. आठशे ग्रॅम कमी."

"आठशेचं काय एवढं, सोडून द्या ना," क्लावदिया येगोरोव्ना म्हणाल्या.

"मी सोडीन हो, काटा सोडत नाही. घरात कुणाची प्रेमपत्रं नाहीत का? लोक आणतात. वजनाला चांगली भरतात."

मी घरी गेले. बाल्कनीत ग्लेबची पेटी आहे, तिच्यात तळाला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. पार युद्धाच्या काळातली, पिवळी पडलेली. हा माणूस काही म्हणजे काही टाकत नसे. कुणीतरी ओळींच्या मधे खरडून ठेवलेलं, शाळेतल्या पोरांसारखं. दोरीनं बांधला आणि नेला. वीस किलो तीस ग्रॅम. अर्सेनी कुझमिच म्हणाले, "बघा, देवानं नाही तर वर्तमानपत्रानं तारलं."

कूपन माझ्या पर्समध्ये आहे. पुस्तक जूनमध्ये येईल. ते तुझं.

नोन्ना


वलोग्दा, २३ एप्रिल १९७८

नोन्ना, अगं नोन्ना,

तुझं पत्र मी छापखान्याच्या जिन्यातच उभ्यानं वाचलं आणि खाली जुळाऱ्यांच्या खोलीत धावत गेले. "मिळाली!" म्हणून ओरडले. आमचा म्हातारा व्हिसारिओन छपाईचे खिळे जुळवता जुळवता म्हणाला, "काय मिळालं, मांस?" मी म्हटलं, "कादंबरी." तो म्हणाला, "मग ओरडतेस कशाला?" पण नाव सांगितल्यावर त्यानं हातातला खिळा खाली ठेवला. खोलीभर वाद सुरू झाला. अग्नियानं त्या सर्व्हेअरला होकार द्यायला हवा होता की नाही, यावर दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. शंभर वर्षांपूर्वीची बाई, तीही कागदावरची! सांग, दुसरं कुठलं पुस्तक असं करू शकतं?

तू वाचली आहेसच, तुला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते मिठाच्या व्यापाऱ्याचं घर, जिथे प्रत्येक गोष्टीची चव खारट. अग्निया खिडकीत बसून बापाच्या पत्रांना उत्तरं लिहिते आणि प्रत्येक पत्रात स्वतःचं एक वाक्य चोरून घालते, ती जागा! आणि तिचा भाऊ लावर, सतरा वर्षांचा, बहिणीची चिठ्ठी टोपीत खोचून वसंतातल्या कच्च्या बर्फावरून नदी ओलांडायला निघतो. मी चव्वेचाळीस वर्षांची झाले, दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या या कामानं डोळे गेले, तरी त्या जागी मी अजून म्हणते, थांब रे. आणि तो थांबत नाही. बुडतो. दर वेळी.

आता माझी एक मागणी. ग्लेबचा कोट, घड्याळ, हत्यारं, सगळं तुझं. मला फक्त त्याची वर्तमानपत्रं पाठव. त्यानं तुला कधी दाखवली की नाही कोण जाणे, तो या बाबतीत लाजरा होता. युद्धात स्मोलेन्स्क सोडताना आईनं घाईत कादंबरीचा पहिला भागच उचलला. सारापूलला आलो तेव्हा कळलं की दुसरा भाग वाचनालयात आहे, पण घरी नेऊ देत नाहीत. मी नऊ वर्षांची, विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली, आणि पुढे काय झालं म्हणून रोज रडणारी. ग्लेब तेरा वर्षांचा. तो शाळा सुटली की वाचनालयात बसून दुसरा भाग उतरवून घ्यायचा. कागद कुठला? तेव्हा आम्ही सगळेच जुन्या वर्तमानपत्रांवर, छापील ओळींच्या मधल्या जागेत लिहायचो. काजळी आणि बिटाच्या रसाची शाई. संध्याकाळी तो ते मला वाचून दाखवायचा. वर लढाईच्या बातम्या, खाली अग्निया.

सात वर्षांपूर्वी आले होते तेव्हा त्यानं तो गठ्ठा मला दाखवला. बाल्कनीतल्या पेटीत, तळाला.

पाठव, नोन्ना. लोकांना वाटतं मी बरी आहे, कारण मी बडबडते. पण त्याला मातीत ठेवल्यापासून माझ्याही आत काही हलत नाही. स्वल्पविराम शोधते, घरी येते. ते अक्षर डोळ्यांसमोर आलं तर काहीतरी सुटेल असं मला वाटतं. त्यात आम्हा दोघांचं एक गुपितही आहे. ते मग सांगीन.

तुझ्या पत्राचा शेवट मी घाईत वाचला बघ, वीस किलो जमले एवढंच डोक्यात राहिलं. तुझे हात भरून आले असतील. त्या हातांची पापी.

लेरा


सारापूल, ४ मे १९७८

लेरा,

तुझं पत्र मिळालं. नदीतला बर्फ गेल्या आठवड्यात वाहून गेला. पहिली बोट आली तेव्हा बंदरावरच्या लोकांनी ग्लेबसाठी भोंगा वाजवला, असं क्लावदिया येगोरोव्ना सांगत होत्या. मी कामावर होते, मला ऐकू आला नाही.

वर्तमानपत्रांचं म्हणशील तर बाल्कनीत सामान बरंच आहे. अजून सगळं काढलेलं नाही. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली सापडत नाही. शोधते. तू काळजी करू नकोस.

सुट्टीच्या दिवशी बटाटे लावायला गावाबाहेर गेले होते. जमीन अजून थंड आहे. तुझ्या डोळ्यांना जप.

नोन्ना


वलोग्दा, १२ मे १९७८

नोन्ना,

मी लोकांची मुद्रितं तपासून पोट भरते. वाक्य खोटं असलं की मला ते आधी कळतं, चूक कुठे आहे ते मग.

ग्लेबच्या पेटीला कुलूप कधी होतं? तिची कडी आम्ही लहान असतानाच तुटली. तो तारेनं बांधायचा. मी सात वर्षांपूर्वी माझ्या हातानं ती तार सोडली आहे.

तुला ती स्वतःकडे ठेवायची आहेत. सरळ म्हण ना! "लेरा, तू बहीण असशील, मी बायको आहे, माझ्या घरातून चिटोरं हलणार नाही." मला राग आला असता, पण मी समजले असते. एकोणीस वर्षं तू त्याचे सदरे धुतलेस. मी वर्षातून चार पत्रं लिहिणारी. हक्क तुझा. पण किल्ली हरवली म्हणून मला लहान मुलीसारखं का फसवतेस? नणंदेनं घर नाही मागितलं, रद्दी मागितली!

बरं, ठेव. पण एवढं तरी कर. त्या गठ्ठ्यातली शेवटची चार पानं मला उतरवून पाठव.

ते गुपित आता सांगते. मी तापात होते आणि डॉक्टरीणबाई आईला कोपऱ्यात नेऊन काहीतरी बोलल्या होत्या. त्याच आठवड्यात ग्लेब लावर बुडतो त्या प्रकरणापाशी पोचला. ते त्याला मला वाचून दाखवता येईना. मग त्यानं ते उतरवलंच नाही. स्वतःचं लिहिलं. त्याच्या प्रकरणात लावर पलीकडे पोचतो. तिथे एका म्हातारीच्या झोपडीत शिरतो आणि चार पानं नुसता जेवतो. आम्ही तेव्हा दिवसाला तीनशे ग्रॅम पावावर होतो, नोन्ना, त्याला दुसरं काय सुचणार!

मी बरी झाले. सतरा वर्षांची असताना छापील पुस्तक हातात आलं आणि लावर बुडाला. मी ग्लेबशी महिनाभर बोलले नाही. तो म्हणाला, "माझ्या प्रतीत तो जिवंत आहे. तुला कुठली खरी मानायची ती मान."

त्या एका जागीच तो पोचलेला आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. मला तेवढी चार पानं हवी आहेत.

कालेरिया


सारापूल, २० मे १९७८

लेरा,

पूर्ण नावानं सही केलीस, ते दिसलं. तू माझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाच. शेवटी शेवटी आठशे ग्रॅमचं लिहिलं आहे.

तो गठ्ठा तोच होता. तू घाईत वाचलंस आणि मी ते लिहिताना मला माहीत नव्हतं. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा कळलं. मी पत्र ओट्यावर ठेवून तशीच रद्दीच्या केंद्रावर गेले. अर्सेनी कुझमिच खुर्चीत बसून काकडी खात होते.

"एप्रिलमध्ये दिलेला गठ्ठा परत मिळेल का?" मी विचारलं.

"बाई, दर सोमवारी गाडी येते. तुमचा गठ्ठा आतापर्यंत भिजून लगदा झाला."

"लगद्याचं काय करतात?"

"खोकी. जोड्यांची, टोप्यांची. आणखी काय करणार?" मग माझ्याकडे बघून त्यांनी काकडी बाजूला ठेवली. "काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

मी म्हटलं, नाही. का म्हटलं माहीत नाही. आमच्या खात्यात दर आठवड्याला नवी खोकी येतात. मी त्यांच्याकडे बघते. काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढंच वाटतं.

मी तुला लिहू शकले असते. लिहायला बसले आणि किल्लीचं लिहिलं.

आता सांगतेच आहे तर दुसरंही सांगते. मी ती कादंबरी वाचलेली नाही. अठ्ठावन्न साली उन्हाळ्यात बोटीच्या डेकवर ग्लेबची आणि माझी ओळख झाली. त्यानं विचारलेली दुसरीच गोष्ट ही की, "तुम्ही ती वाचली आहे?" त्याचा चेहरा असा झाला होता की मी हो म्हटलं. वाटलं, आठवड्याभरात वाचून काढीन. मग लग्न झालं. मग इतकी वर्षं हो म्हणून झाल्यावर त्याच्यासमोर पहिलं पान कसं उघडायचं? तो अग्नियाबद्दल बोलायचा आणि मी मान डोलवायचे. म्हणूनच त्यानं मला त्या चार पानांबद्दल कधी सांगितलं नसणार. वाचलेल्या बाईपुढे अशी मनानं लिहिलेली पानं काढायला लाज वाटते. न वाचलेलीला त्यानं कौतुकानं दाखवली असती, आणि मग मी तो गठ्ठा ओळखला असता.

माफी मागायचं सुचत नाही. मागितली तर ती कुठे ठेवशील तू?

नोन्ना


सारापूल, १८ जून १९७८

लेरा,

तुझं उत्तर नाही. ते मी समजू शकते.

कादंबरी आली. तुलाच पाठवते आहे, कारण तुझ्यासाठी घेतली. ती तुला नको असेल हे माहीत आहे. फेकून दे, व्हिसारिओनना दे. पण पाठवायच्या आधी मी ती वाचली, म्हणून सांगायला हवं. पान एकशे चाळीसवर चामड्याच्या रंगाचा डाग पडला आहे. तो माझा.

दुपारच्या सुट्टीत कापलेल्या चामड्याच्या ढिगावर बसून वाचायचे. पहिली शंभर पानं मी नुसती डोळ्यांखालून घातली. भिंत बघावी तशी. मग अग्निया बापाच्या पत्रात स्वतःचं वाक्य चोरून घालते ती जागा आली. मी ते पान परत वाचलं. तेवढ्यात भोंगा झाला. आमची मुकादम रईसा म्हणाली, "नोन्ना, तुझा भोंगा झाला नाही का अजून?" मी म्हटलं, "एक मिनिट, ती बापाला सापडणार आहे." "कोण?" "व्यापाऱ्याची मुलगी." रईसा बाकीच्यांना म्हणाली, "चला, ही शुद्धीवर यायला लागली." दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "सापडली का गं?" आता मी रोज जेवताना त्यांना गोष्ट सांगते. त्या सर्व्हेअरला सगळ्याजणी शिव्या देतात. मला तो आवडतो. ग्लेबला आवडायचा का? हे त्याला विचारायचं राहिलं. एकोणीस वर्षं होती.

मग लावर बुडाला.

मी ते प्रकरण तीनदा वाचलं, पण दुसऱ्याच कारणासाठी. मी एक वाक्य शोधत होते. ग्लेब रोज कामावरून आला की दारात बूट आपटायचा आणि म्हणायचा, "पलीकडे पोचलो. वाढा!" रोज. क्लावदिया येगोरोव्ना भिंतीपलीकडून ओरडायच्या, "पोचला वाटतं आमचा खलाशी!" मला वाटायचं, हे कादंबरीतलं असणार, म्हणून मी ओळखीचं हसायचे. आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. ते वाक्य कुठेही नाही.

ते त्या चार पानांतलं आहे ना, लेरा? एवढंच कळव. हो किंवा नाही.

नोन्ना


वलोग्दा, २ सप्टेंबर १९७८

नोन्ना,

हो.

अडीच महिने लावले एका शब्दाला. मे महिन्यातच तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. त्यांतलं एकही वाक्य तुला वाचायला मिळालं नाही हे बरं झालं. पुस्तक आलं तेव्हा पुडकं न उघडता कपाटावर ठेवलं. तुझं पत्र मात्र वाचलं. "वाढा!" वाचलं आणि मी स्वयंपाकघरात खाली बसले. हे वाक्य मी विसरले होते गं. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आणि तू ते रोज ऐकत होतीस.

एक जुनं पत्र शोधून काढलं. साठ सालचं, ग्लेबचं. त्यातल्या चार ओळी तुझ्यासाठी उतरवते. मूळ पत्र देत नाही, तुझ्यावर तेवढा भरवसा अजून बसलेला नाही, हस हवं तर. तो लिहितो: "उन्हाळ्यात येशील तेव्हा माझ्या बायकोसमोर कादंबरीचा विषय जपून काढ. तिनं ती वाचलेली नाही. पण मान इतकी सुंदर डोलावते की मी मुद्दाम बोलत राहतो. तिची परीक्षा घेऊ नकोस. एक दिवस ती मलाच विचारेल, 'हे वाढा-वाढा काय आहे रे?' मग मी तिला पेटी दाखवीन." ते वाढा-वाढा तेव्हा मला तुमच्या घरातली थट्टा वाटली होती, आणि त्याचं ऐकूनच मी तुला 'तू वाचली आहेसच' असं लिहीत आले.

त्याला माहीत होतं. तो वाट बघत होता.

हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, मला ठरवता येत नाही. मला स्वतःला दोन्ही वाटलं. तुझ्यापासून लपवणंही मला जमलं नसतं.

आता पुस्तकाबद्दल. ते मी परत पाठवते आहे. रागानं नाही. पान सहाशे अकरा उघड. लावर बर्फावर पाऊल टाकतो त्या ओळीनंतर मी लाल पेन्सिलीनं एक खूण केली आहे, खाली टोक असलेली. आम्ही तिला काकपद म्हणतो. इथे मजकूर सुटला आहे, तो भरा, असा तिचा अर्थ. छापखान्यात अशी खूण झाली की कुणी "मूळ कागद हरवला" म्हणून सुटत नाही. ज्यांना आठवतं त्यांनी बसायचं, आठवायचं आणि पट्टीवर लिहून पानाला डकवायचं. व्हिसारिओनला विचारलं, शंभर वर्षं जुन्या पुस्तकात अशी दुरुस्ती चालते का? म्हणाला, "लेखक तक्रार करणार आहे का?"

मला वाक्यं आठवत नाहीत. मला जेवण आठवतं. आधी कोबीचं सार, वर साय, इतकी दाट की चमचा उभा राहतो. मग राईचा काळा पाव, गरम, त्याची कड म्हातारी स्वतः ठेवून घेते. मग तळलेली मासळी. मग बाजरीची लापशी, तिच्यात लोण्याचं तळं. तळं हा शब्द त्याचाच, मी शपथेवर सांगते. मग बिट, कारण लिहिताना शाई समोर होती. प्रत्येक पदार्थानंतर ग्लेब थांबायचा आणि मला विचारायचा, "अजून देऊ का लावरला?" मी हो म्हणायचे. त्याला ताप माहीत नव्हता गं, पण भूक माहीत होती. आईनं एका संध्याकाळी म्हटलं, "पुरे, पोट फुटेल त्या पोराचं!" आणि मी तापात हसले. डॉक्टरीणबाईंनी मग सांगितलं होतं की मी हसले त्या दिवसापासून उतार पडला. खरं असेल नसेल.

लावर दारात उभा राहून "पलीकडे पोचलो. वाढा!" म्हणतो. हे आता तुझ्यामुळे परत आलं. त्यावर म्हातारी काहीतरी बोलते. छोटंसंच. काय ते मला काही केल्या आठवत नाही. ते एक वाक्य मिळालं तर बाकीचं जेवण मी लिहू शकेन, पण तिथूनच सुरुवात आहे, आणि मी तिथेच अडकले आहे. ग्लेब ते घरी कधी म्हणाला होता का? नीट आठव.

तुझी,
लेरा


सारापूल, १८ सप्टेंबर १९७८

लेरा,

पुस्तक मिळालं. काकपद पाहिलं.

साठ सालच्या त्या ओळी मी वाचल्या आणि पत्र मिटवून कामावर गेले. दिवसभर चामडं कापलं. एक तुकडा चुकला. अठरा वर्षांत माझा तुकडा चुकला नव्हता. रईसानं नवीन तुकडा पुढे ठेवला. मला वाईट वाटलं की बरं, तू विचारतेस. तुकडा चुकला. एवढंच सांगू शकते.

आठ दिवस आठवते आहे. ग्लेब म्हातारीचं वाक्य घरी कधीच म्हणाला नाही. एकदाही नाही. तो लावरचंच म्हणायचा आणि मग थांबायचा, टोपी हातात धरून. मला नेहमी वाटायचं, दमून थांबतो.

काल रविवारी मी टेबलापाशी बसले. क्लावदिया येगोरोव्ना शेजारी वाटाणे सोलत होत्या. त्यांना म्हटलं, "तो दारात असं म्हणाला की पुढे काय व्हायचं हो? तुम्हाला तर भिंतीतून सगळं ऐकू जायचं."

"काय व्हायचं म्हणजे? तू बोलायचीस."

"मी काय बोलायचे?"

त्यांनी सांगितलं. अगदी माझ्या आवाजात, जरा वैतागून. मग म्हणाल्या, "आणि तो हसायचा. एवढं काय हसायचा देव जाणे, रोज तेच तर असायचं."

म्हातारी काय म्हणाली होती ते आता जगात कुणालाच माहीत नाही, लेरा. कदाचित काही वेगळं असेल, चांगलं असेल. तेरा वर्षांच्या मुलानं विचार करून लिहिलेलं. पण तो बोलून थांबायचा आणि उत्तर माझ्याकडून यायचं. त्यावर तो हसायचा. माझ्याकडे दुसरं काही नाही.

पट्टी कापून घेतली आहे. अक्षर जमेल तितकं बारीक काढलं आहे, म्हणजे पानाच्या बाहेर जाणार नाही. चिकटवलेली नाही, आधी तू तपास. पुढचं जेवण तू लिही. सारावर साय जास्त घाल.

नोन्ना

पट्टी:

लावरनं दार ढकललं. त्याचे बूट पाण्यानं जड झाले होते. ते त्यानं उंबऱ्यावर आपटले आणि टोपी हातात घेतली.
"पलीकडे पोचलो," तो म्हणाला. "वाढा!"
म्हातारीनं चुलीवरून मान वळवली नाही.
"आधी हात धू," ती म्हणाली.